विनूचा 'वा'

विनू, काल तुझं ऑक्सिजनचं यंत्र न्यायला माणूस आला होता. मी मेधाकडेच होते. सिटीवेस्टला तुमच्या घरासमोर गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून तो बिचारा ते धूड लांबपर्यंत ढकलत घेऊन गेला, आणि मेधा दारात उभी राहून त्याला थँक यू, थँक यू म्हणत राहिली. मग आत येऊन म्हणाली, "नीला, किती गप्प झालंय गं घर." तू गेल्यापासून ते यंत्र बंदच होतं. पण ते कोपऱ्यात दिसत होतं तोवर घरात कुणीतरी आजारी आहे एवढं तरी वाटत होतं. मी चहा टाकायला उठले.

ते यंत्र घरी आलं त्या दिवशी तू काय म्हणालास आठवतं? मी उसनं हसू आणून दारात उभी, आणि तू नाकात नळ्या घालून, डोळे मिटून सोफ्यावर. "श्श, ऐक," म्हणालास. "काळी एक. जरासं उतरलंय, पण चालेल." आणि त्या घरघरीवर तू चक्क सा लावलास. मिरजेत तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तू वाढलास. तुला फ्रिजचासुद्धा सूर कळायचा. तुझा सा तीन श्वासांत तुटला, मग तुला खोकला आला, मेधा धावत आली आणि तिने मला झापलं, तुला नाही. नेहमी असंच व्हायचं. भानगड तुझी आणि बोलणी मला.

इथे या देशात कुणी गेलं की वेबसाइटवर निधनाची नोटीस लागते आणि खाली लोक चार ओळी लिहितात. तुझ्या नोटिशीखाली हॉस्पिटलच्या लोकांनी खूप लिहिलंय. ऑपरेशनच्या टेबलावर तुझा आवाज ऐकला की भीती जायची, असं पेशंट लिहितात. एका सर्जनने लिहिलंय की तो ओळखत असलेल्या माणसांमध्ये तू सगळ्यात शांत होतास. ते वाचून मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. शांत! ज्या माणसाने बॉल्सब्रिजच्या अर्ध्या रसिकांच्या काळजाचा ठोका चुकवला, तो शांत!

तो पहिला रविवार. तुझ्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट ऑर्ला सुट्टीच्या दिवशी व्हायोला वाजवते, हे तुला तेव्हा नुकतंच कळलं होतं. ती आणि तिचे तीन हौशी सोबती बॉल्सब्रिजच्या चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी वाजवायचे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्या वर्षी त्यांनी सोव्हिएत काळातल्या त्या संगीतकाराच्या अखेरच्या दिवसांतल्या रचना घ्यायच्या ठरवल्या होत्या. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आपण ते कधी घेतलंच नाही. तुझ्यासाठी तो पहिल्या दिवसापासून 'म्हातारा'. मेधाने येणार नाही म्हणून सांगितलं, रुताला गृहपाठ होता, म्हणून तू मला ओढून नेलंस. "नीले, चल, चहा-बिस्किटं फुकट आहेत," हे तुझं आमंत्रण.

आणि काय ते संगीत! मी तर हबकलेच. संथ, आणखी संथ, त्यानंतर त्याहून संथ. मधेच कुणीतरी गजाने वाद्याच्या लाकडावर टकटक करायचं, कडी वाजवल्यासारखं. लोक इतके स्तब्ध की छातीत खोकला दाबून ठेवलेले एक आजोबा लाल झाले होते. मग बाकीचे तिघे थांबले आणि ऑर्लाचा व्हायोला एकटाच एका सुरावरून सावकाश वर चढत गेला, अगदी वरच्या टोकाला जाऊन किंचित थरथरला आणि थांबला. सगळं थांबलं. आणि त्या शांततेत, माझ्या शेजारून, मिरजेच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसल्यासारखा, हात वर करून: "वा!"

पुढच्या बाईंचा चष्मा पडला. सगळा हॉल वळला. जमिनीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. मी तुझ्या दंडाला चिमटा काढला आणि दात-ओठ आवळून म्हणाले, "विनू, गप्प बस ना!" तू माझ्याकडे इतक्या निरागसपणे बघितलंस, की आपलं काही चुकलंय हे तुला कळलेलंच नाही हे मला कळलं. तुझ्या वडिलांनी तुला घरच्या दुकानातून उठवून गाण्याला नेलं ते हेच शिकवायला. गाणाऱ्याने जीव ओतून एखादी जागा घेतली आणि ऐकणारा मख्खासारखा बसला, तर तो त्याचा अपमान. मिरजेत जो शिष्टाचार, तो बॉल्सब्रिजमध्ये दंगा.

मध्यंतरात पहिलं व्हायोलिन वाजवणारा फर्गस आला. निवृत्त वकील, कोटाला कडक इस्त्री. त्याने अत्यंत सभ्यपणे तुला सांगितलं की पुढच्या वेळी मागे बसलात तर बरं होईल. मी मान डोलावत होते. तेवढ्यात ऑर्ला हातात कप घेऊन आली. "वॉज दॅट यू?" तिने विचारलं. तू म्हणालास, हो, मीच, आणि ती जागा तिने कशी घेतली ते तू हवेत हात फिरवून तिला दाखवायला लागलास. कसा सूर सोडता सोडता परत धरला, कशी घाई केली नाही. ती कप विसरून ऐकत राहिली. मग म्हणाली, लोक तिला नेहमी सगळं संपल्यावर येऊन सांगतात, इट वॉज ग्रँड. वाजवत असताना कुणी काही सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी तू मागे बसलास. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ. आणि तिथून 'वा' म्हणालास, जास्त मोठ्याने, कारण अंतर वाढलं होतं ना!

मग ते आपलं भांडणच होऊन बसलं. किती वर्षं भांडलो रे आपण. लुआस ट्राममध्ये, माझ्या सँट्रीच्या फ्लॅटमध्ये, तुमच्या स्वयंपाकघरात मेधा प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, डाळीचे डबे काढून आपल्या मधे आदळत असताना. माझं म्हणणं सरळ होतं. तो माणूस आजारी होता. हृदय गेलेलं, हात चालेना, लिहिताना पेन धरवत नव्हतं. तो मरणाबद्दल लिहितोय, आणि मरणासमोर माणसाने गप्प बसावं. त्याने सुरांच्या मधे एवढी मोठी शांतता लिहून ठेवलीय, ती तुला बडबड करायला नव्हे.

तू म्हणायचास, मरणाबद्दल नाहीच ते. "नीले, मी रोज माणसांना मरणाच्या दारापर्यंत नेऊन परत आणतो. मरणाला एवढं संगीत लागत नाही." तुझं म्हणणं असं, की म्हाताऱ्याला जन्मभर भीती. काय लिहिलं तर कोण नाराज होईल, कुठल्या सभेत आपलं नाव निघेल, दारावर कधी थाप पडेल. म्हणून आयुष्यभर त्याला सरकारला आवडेल असं वाजतगाजत शेवट करायला लागलं. आणि मग शरीरच गेलं. आता हे लोक आपलं आणखी काय करणार? तेव्हा कुठे त्याने आवाज खाली आणला आणि स्वतःशी बोलायला लागला. "भीती संपल्यावर जे उरतं ना, ते आहे हे. आणि त्याला जन्मभर टाळ्या कसल्या मिळाल्या? ठरवून दिलेल्या. सगळ्यांनी उभं राहून, घड्याळ बघून. मनापासून तोंडून निसटलेली एक तरी दाद नको का त्याला?"

"तो ऐकायला आहे का आता?" मी विचारायचे.

"ऑर्ला आहे ना."

"मग त्याने शेवटी शांतता मागितली, तेवढी तरी दे की त्याला."

"शांतता मेलेल्यांना देतात, नीले. वाजवणारा जिवंत आहे तोवर वा."

इथे मेधा म्हणायची, "तुम्हा दोघांना जेवायचंय की नाही?" तिला ते संगीत सहनच व्हायचं नाही. घरात कुणी गेल्यासारखं वाटतं म्हणायची. तू लावलंस की ती वर निघून जायची. आणि रुता, शाळेतली रुता, एकदा चुकून आपल्याबरोबर आली आणि त्या जागेवर खुर्चीत इतकी खाली घसरली की नुसते केस दिसत होते. "डॅड, यू कान्ट जस्ट शाउट अ‍ॅट देम!" ती घरी जाईपर्यंत रडकुंडीला आली होती. तू तिला मराठीत समजावत होतास, ती तुला इंग्रजीत ओरडत होती, आणि मी मागच्या सीटवर बसून तिची बाजू घेत होते.

पण एक गोष्ट मला तेव्हा मान्य करायची नव्हती, आता करते. ऑर्ला तुझ्यासाठी थांबायला लागली होती. त्या जागेनंतरचा विराम दर वर्षी थोडा लांबत गेला. ती तो सूर सोडायची, मान वर करायची, शेवटच्या रांगेकडे बघायची, तुझा 'वा' यायचा, मी "विनू, गप्प बस ना" म्हणायचे, आणि मगच पुढचा सूर निघायचा. लोकांनाही सवय झाली होती. चष्मा पडलेल्या त्या बाई तर तिथे आधीच हसायला लागायच्या. फर्गस एकदा चिडून म्हणाला की कागदावर एवढा विराम नाहीये. ऑर्ला म्हणाली, आहे, नीट बघ. शुद्ध थाप.

मग तुझा खोकला. जिने चढताना तू मधेच थांबून भिंतीवरचे फोटो बघायला लागलास, जसे काही ते आजच लावलेत. एक दिवस लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आलास. "फुप्फुसांचा स्कॅन आहे, बघ जरा." जन्मभर मी हीच काळी-पांढरी चित्रं वाचत आले, विनू. मला बघता क्षणी दिसलं. जाळं झालं होतं नुसतं. मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ दे." तू माझ्याकडे बघून म्हणालास, "नीले, मी भूल देणारा माणूस आहे. मला नको देऊस." मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. तू लॅपटॉप बंद केलास आणि विचारलंस, कांदाभजी करतेस का? मी भजी करत असताना तुझ्याकडे पाठ करून रडले. तू बाहेर बसून ऑर्लाच्या नावाने निरोप रेकॉर्ड करत होतास, की पुढच्या रविवारी उशीर होईल पण माझी खुर्ची ठेव.

तुझा शेवटचा रविवार मला विसरता येत नाही. छोटी टाकी चाकांवर घेऊन आला होतास. ती जागा आली. तू हात वर केलास, पण आवाजासाठी श्वास पुरेना. ऑर्ला थांबली. थांबूनच राहिली. तुझी छाती वरखाली होत होती. शेवटी तू 'वा' म्हणालास, इतक्या हळू की फक्त मला ऐकू आला. पण तिने ओठ बघितले असणार, कारण तिने मान लववली आणि पुढे निघाली. त्या दिवशी मी तुला गप्प बस म्हणाले नाही. तू माझ्याकडे वळून बघितलंस, मी कशी विसरले म्हणून. मी खिडकीबाहेर बघत होते.

मग ती दुपार. मेधा दुकानात गेली होती, यंत्र काळी एकमध्ये घरघरत होतं. तू म्हणालास, "ऑर्लाला वाजवायला सांगशील ना? त्या दिवशी."

मला कळलं कुठल्या दिवशी ते. मी हो म्हटलं.

"आणि त्या जागेवर कुणीतरी वा म्हणायला पाहिजे. रुताला जमणार नाही. मेधाला ते संगीत सोसत नाही. तू म्हण."

"मी? मी नाही म्हणणार. मला शोभत नाही. आणि तुझंच म्हणणं आहे ना, मेलेल्याला शांतता?"

"अगं, वा मला थोडाच? ऑर्लाला."

"ऑर्लाला मी नंतर सांगेन, इट वॉज ग्रँड म्हणून."

तू इतका हसलास की मला भीती वाटली. हसू थांबल्यावर तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, तेवढ्यात किल्ली वाजली, मेधा आली, पिशव्या घ्यायला मी उठले. ते बोलणं तिथेच राहिलं. तू काय बोलणार होतास रे? मी रोज वेगवेगळी वाक्यं घालून बघते. एकही तुझ्या तोंडचं वाटत नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी मेधाचा फोन आला.

तुला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, इथल्या रिवाजाप्रमाणे, शवपेटी उघडी. मेधा आधी नाहीच म्हणत होती, घरात असं कसं ठेवायचं म्हणून. मग शेजारची ब्रीडा सँडविचचे ट्रे आणि स्वतःच्या घरातली मोठी किटली घेऊन आली आणि विचारल्याशिवाय कप मांडायला लागली. अख्खी गल्ली आली. एकेक जण मेधाचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मग तुझ्याजवळ दोन मिनिटं उभं राहून चहा घ्यायचा आणि तुझे किस्से सांगायचा. मेधा मला कानात म्हणाली, "आपल्याकडे लोक आले की मला रडावं लागतं. हे लोक मला रडू देतायत आणि खायलाही देतायत." तिनेच मग विचारलं, ते वाजवायचंय ना, त्याचं ते. मी म्हटलं, तुला सोसणार नाही, मेधा. ती म्हणाली, "घरात कुणी गेल्यासारखं वाटतं म्हणायचे ना मी? आता गेलंय. वाजवा."

दहनाच्या दिवशी सँट्रीहून येताना मी गाडीत सराव केला. हसू नकोस. सिग्नलला थांबून मी 'वा' म्हणत होते, एकदा लहान, एकदा लांब, आणि शेजारच्या व्हॅनमधला माणूस, इथल्या भाषेत युअर मॅन, माझ्याकडे टक लावून बघत होता. एकही बरोबर येत नव्हता. आतून आला नाही की तो खोटा वाजतो, हे तूच सांगायचास. आणि मला खोटा नको होता. ठरवून दिलेली दाद म्हाताऱ्याला जन्मभर मिळाली, ती तुझ्या पेटीसमोर मी कशी देऊ? तरी मी ठरवलं होतं, म्हणायचाच. भांडण हरले तर हरले.

दहनगृहाच्या दारात रुताने माझा हात धरला. "नीला मावशी, ही आस्क्ड यू, राइट? अबाउट द वा?" मी मान हलवली. "आय कान्ट डू इट. आय ट्राइड इन द शॉवर." ती हे म्हणाली आणि आम्ही दोघी तिथे दारात हसायला लागलो, मग दोघी रडायला लागलो. लोक बाजूने आत जात राहिले.

तिथल्या माणसाने फर्गसला वेळेची आठवण करून दिली. मागे दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. फर्गसने त्याला कडक आवाजात सांगितलं की पूर्ण वाजवायचंय, विरामांसकट, वेळेचं काय ते मी बघतो. विरामांसकट हे त्याचे शब्द, विनू. तू ऐकायला हवं होतंस.

ते वाजवायला लागले. मेधा पहिल्या रांगेत ताठ बसून होती, पदर घट्ट धरून, पण उठली नाही. गजाची टकटक झाली. रविवारच्या हॉलमधले सगळे तुझे लोक तिथे होते, चष्मेवाल्या बाई होत्या, ब्रीडा होती, हॉस्पिटल होतं, आपली मराठी मंडळी होती, ज्यांना हे काय चाललंय ते कळत नव्हतं. मग तिघे थांबले. ऑर्लाचा व्हायोला एकटा वर चढायला लागला. इतका सावकाश तिने तो कधीच नेला नव्हता. टोकाला जाऊन थरथरला. थांबला.

तिने मान वर केली. सवयीने शेवटच्या रांगेकडे बघितलं. मग तुझ्या पेटीकडे. फर्गसने व्हायोलिन खाली घेऊन मांडीवर ठेवलं. मला माहीत होतं, सगळे वाट बघतायत, आणि जे करायचं ते मला करायचंय. मी तोंड उघडलं. पण त्या जागेवर इतकी वर्षं माझ्या तोंडून एकच वाक्य निघत आलंय, आणि जिभेला तेच वळण. माझा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तुझा दंड शोधायला गेला. आणि मी मोठ्याने, मराठीत, सगळ्यांदेखत म्हणाले,

"विनू, बोल ना."

ऑर्लाने आणखी थोडी वाट पाहिली. मग ती पुढे वाजवायला लागली.